भात्यावरचा हात

हार्मोनियमबद्दल लोक बोलतात ते उजव्या हाताबद्दल. कुणाची बोटं कशी पळतात, कुणाची तान किती स्वच्छ येते. डाव्या हाताचं नाव फारसं कुणी काढत नाही. श्रीपूरला कारखान्याच्या कॉलनीत एकादशीला भजन असायचं, तेव्हा आम्ही पोरं सगळ्यांत पुढे, पेटीला खेटून बसायचो. पेटीचा भाता ऐकणाऱ्याच्या बाजूला उघडतो आणि पट्ट्या वादकाकडे असतात. त्यामुळे पेटी वाजवणाऱ्या बुवांची बोटं मला कधी नीट दिसली नाहीत. दिसला तो भाता आणि त्यावरचा त्यांचा डावा पंजा. अभंग सुरू होताना तो जेमतेम हलायचा. सूर केव्हा लागला ते कळायचंही नाही. धृपदाला टाळ चढले की हात भरभर चालायचा आणि पेटी खणखणीत बोलू लागायची. ओळ संपताना बुवा पट्टी दाबून ठेवायचे, भाता मात्र सोडून द्यायचे. आत साठलेली हवा सरेपर्यंत सूर बारीक होत जायचा आणि तेवढ्या अवकाशात मागच्या झिलकऱ्यांना दम घ्यायला मिळायचा.

आज पुण्यात माझ्या टेबलावर मॉड्यूलर सिंथेसायझर आहे. उघडी पेटी, तिच्यात ओळीने बसवलेली मॉड्यूल, आणि एकातून दुसऱ्यात जाणाऱ्या रंगीत पॅच केबल. त्याच्यापुढे बसलो की माझं निम्मं लक्ष दोनच मॉड्यूलांवर असतं: एन्व्हलप आणि व्हीसीए, म्हणजे व्होल्टेजच्या हुकमावर आवाज लहानमोठा करणारा ॲम्प्लिफायर. सूर कोणता, हे ऑसिलेटर सांगतो. तो कसा आला, किती थांबला आणि कसा गेला, हे या दोघांच्या हातात असतं. बुवांच्या डाव्या हाताकडे हेच काम होतं, आणि आमच्या भागातल्या गाण्यावाजवण्याचा जीव याच कामात आहे असं मी मनापासून मानतो.

श्रीपूर हे माळशिरस तालुक्यातलं, अकलूजहून पंढरपूरकडे जाताना लागणारं गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली, तिचा साखर कारखाना इथला. आता श्री पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचं श्रीपूर म्हणून लोक ते ओळखतात. हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्या, मळीचा वास आणि पाळी बदलल्याचा भोंगा यांवर आमचा दिवस चालायचा. एन्व्हलप म्हणजे काय हे मला कुणी विचारलं की मी त्या भोंग्याचंच उदाहरण देतो. वाफेची झडप उघडली की तो घरघरत चढायचा, तो अटॅक. टोकाला जाऊन किंचित खाली यायचा, तो डिके. मग बराच वेळ एका पातळीवर राहायचा, तो सस्टेन. झडप मिटल्यावर खाली घसरत विरून जायचा, तो रिलीज. झडप उघडी आहे की मिटलेली, एवढीच खबर देणारा जो व्होल्टेज असतो त्याला सिंथेसायझरवाले गेट म्हणतात. गेट येतो आणि जातो. मधला चढउतार एन्व्हलप रचतो.

हे चार भाग आज कोणत्याही मोबाईलमधल्या ॲपवर दिसतात, पण ते असेच आकाशातून पडलेले नाहीत. १९६५ च्या सुमारास संगीतकार व्लादिमिर उसाचेव्स्की यांनी रॉबर्ट मूग यांच्याकडून उपकरणं बनवून घेतली, तेव्हा ध्वनीचा आकार चार टप्प्यांत बांधण्याची मागणी त्यांची होती. मूगच्या मॉड्यूलवर त्या टप्प्यांना टी-वन, टी-टू अशी रुक्ष नावं होती. अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज ही नावं पुढे एआरपी कंपनीने रूढ केली. मूगने नंतर काढलेल्या छोट्या मिनीमूगवर तर रिलीजचं वेगळं बटणच नव्हतं. डिकेचा स्विच चालू केला की डिकेचाच वेळ रिलीजला लागायचा, बंद केला की पट्टी सोडताच आवाज तुटायचा. इतक्या नामांकित वाद्यात सूर सोडायला स्वतंत्र जागा नसावी, याचं मला अजून नवल वाटतं.

आपल्याकडेही वाद झाला तो सूर पकडण्यावरच. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. आक्षेप होता पट्ट्यांचा: स्वर ठोकळ्यासारखे स्थिर, मींड निघत नाही, श्रुती हलत नाहीत. आक्षेपात तथ्य होतं. पण अप्पा जळगावकरांची किंवा तुळशीदास बोरकरांची साथ ऐकताना जे मन धरून ठेवतं ते भात्यातून आलेलं असतं. गायकाचा आवाज दबला की पेटीही दबते, गायकाने सूर सोडला की पेटी त्याच्या मागून हलकेच सोडते. स्वराची उंची हलवता येत नाही म्हणून वादकाने सगळी माया आवाजाच्या चढउतारात ओतली. गावातल्या भजनी बुवांना ही नावं माहीत असतील-नसतील, हातात गोष्ट तीच होती.

मग आमच्याकडे वीज लागणारी पेटी आली. गणपतीत ऑर्केस्ट्रा यायचा आणि त्यात एक ‘कॅसिओ’ असायचा. कुठल्याही कंपनीचा असला तरी गावात त्याला कॅसिओच म्हणत. एक बटण दाबलं की व्हायोलिन, दुसरं दाबलं की बासरी. आम्ही थक्क व्हायचो, आणि त्या थक्क होण्याला मी आज कमी लेखणार नाही. एका माणसाने अख्खा वाद्यमेळ गावात आणला होता. पण त्या व्हायोलिनचा गज नेहमी एकाच वेगाने उतरायचा आणि बासरीची फुंक प्रत्येक सुराला तेवढीच असायची. आवाजाचा आकार कारखान्यातूनच ठरवून आलेला. वादकाचा डावा हात त्या काळात रिकामा झाला आणि तालाची तयार साथ चालू करण्यात गुंतला.

त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईत मात्र वेगळं घडत होतं, त्याची आम्हाला गंधवार्ता नव्हती. १९५४ च्या ‘नागिन’मधली पुंगी क्लेव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर कल्याणजींनी वाजवली होती, हे मला कितीतरी वर्षांनी समजलं. केरसी लॉर्ड यांनी मूगचा सिंथेसायझर मुंबईच्या ध्वनिमुद्रणात आणला. चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून तबकडी काढली. त्यात रोलंड कंपनीची ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही वाद्यं होती. टीबी-३०३ मध्ये एन्व्हलपचा वेळ बदलायला डिकेचं एकच बटण, पण सिंग यांनी रागाची अंगं त्यावर अशी काही चालवली की २०१० साली ती तबकडी परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा तिकडचे लोक चकित झाले. त्याहीआधी, १९६९ साली, अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूगचा मॉड्यूलर संच बसवला होता. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा यांनी १९७२ पर्यंत त्यावर काम केलं. त्या फिती कपाटात राहिल्या. निवडक रचना जगासमोर आल्या त्या २०२३ मध्ये. म्हणजे आम्ही श्रीपुरात भोंगा ऐकत होतो त्याआधीच आपल्या शेजारच्या राज्यात कुणीतरी तारा जोडून गेट आणि एन्व्हलप घडवत बसलं होतं.

आता माझ्या टेबलाकडे येतो. मॉड्यूलरमध्ये ऑसिलेटर कधी गप्प बसत नाही. वीज आहे तोवर तो बोलत राहतो. त्याला शिस्त लावायची तर त्याची तार व्हीसीएत घालायची, कीबोर्डचा गेट एन्व्हलपला द्यायचा आणि एन्व्हलपचा व्होल्टेज व्हीसीएच्या नियंत्रणाच्या भोकात. हा पहिला पॅच, सगळे इथूनच सुरुवात करतात. एन्व्हलप शून्यावर असला की व्हीसीए मिटलेला, व्होल्टेज चढला की उघडा. पण इथेच एक निवड येते. व्हीसीए दोन जातींचे: सरळ रेषेत उघडणारे आणि घातांकाने उघडणारे. कानाला आवाजाची पट दुप्पट-चौपटीने कळते, म्हणून ठोक्याचे आवाज दुसऱ्या जातीत नैसर्गिक विरतात. सावकाश चढणाऱ्या सुराला आणि दुसऱ्या मॉड्यूलकडे जाणाऱ्या व्होल्टेजला सरळ जात बरी. मी हलगी करतो ती दुसऱ्या जातीवर.

हलगीने मला सगळ्यांत जास्त शिकवलं. एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी, आणि वाजवण्याआधी जाळावर शेकून ताणलेलं कातडं. तिचा ठोका म्हणजे एकच आवाज असा आपला समज असतो. पॅच करायला बसलं की तीन निघतात. काडीचा चटका म्हणून नॉइज, त्याला अगदी आखूड एन्व्हलप आणि स्वतंत्र व्हीसीए. कातड्याचा सूर म्हणून ऑसिलेटर, त्याला थोडा लांब डिके. आणि तिसरा एन्व्हलप आवाजाला लावायचाच नाही, तो ऑसिलेटरच्या उंचीला लावायचा, तोही बटण फिरवून अगदी थोडा. म्हणजे ठोका पडताक्षणी सूर किंचित वर असतो आणि लगेच खाली बसतो. तबल्याच्या डग्ग्यावर मनगट सरकवून जो घुमारा काढतात तो याच्या उलट्या दिशेने, सावकाश चढणाऱ्या एन्व्हलपने थोडाफार जमतो. या तिन्हींत सस्टेन शून्य, कारण हलगीला थांबणं माहीत नाही.

याहून गोड हलगी लो-पास गेटवर होते. डॉन बुक्ला या अमेरिकन कारागिराच्या या मॉड्यूलमध्ये एक लहान दिवा आणि प्रकाशाने बदलणारा रोधक एकाच डबीत बंद केलेले असतात. व्होल्टेज आला की दिवा लागतो, रोधक खुला होतो. दिवा विझला तरी रोधकाला पूर्वस्थितीत यायला अंमळ वेळ लागतो, आणि तोवर आवाज लहान होता होता मंदही होत जातो, आधी तीक्ष्ण भाग जातो आणि मग खर्ज. खऱ्या कातड्याचं, लाकडाचं, पितळेचं असंच असतं. इथे एन्व्हलपचीही गरज नाही. नुसता ट्रिगर, म्हणजे क्षणभराचा व्होल्टेजचा टोला पुरतो.

टाळाला वेगळी युक्ती. वारकरी टाळ खुला मारतो तेव्हा तो घुमतो, हाताने दाबतो तेव्हा तिथेच मिटतो. दोन टाळ, दोन रिलीज. म्हणून ठोके क्रमाने पाठवणाऱ्या सिक्वेन्सरमधून ठोक्यांबरोबर दुसरा एक व्होल्टेज काढायचा आणि तो एन्व्हलपच्या डिकेला नियंत्रणासाठी द्यायचा. काही ठोके लांब होतात, काही आखूड, आणि ठेक्यात माणूस असल्यासारखं वाटू लागतं. ज्यांच्या मॉड्यूलला डिकेसाठी नियंत्रणाचं भोक नाही त्यांनी दोन एन्व्हलप मिक्सरमधून एकाच व्हीसीएत घालावेत, एक आखूड, एक लांब, आणि लांबचा ट्रिगर काही ठोक्यांनाच द्यावा.

आणि आता भाता. त्यासाठी मी व्हीसीए एकामागे एक दोन लावतो. पहिला पट्टीचा: गेट आला की झटकन उघडतो, गेला की मिटतो. दुसऱ्याला एन्व्हलप जोडतच नाही. त्याच्याकडे हाताने दाबायच्या एका पॅडचा व्होल्टेज जातो, मध्ये चढउतार मऊ करणारं स्ल्यू मॉड्यूल. उजवा हात पट्ट्यांवर, डावा हात पॅडवर. बसण्याची पद्धत पेटीचीच. मात्र एवढ्याने पेटी होत नाही. भाता जोरात चालला की पेटी मोठी होते तशी तिखटही होते, आणि पितळी पत्तीचा सूर दाबाने केसभर हलतो. म्हणून पॅडचा व्होल्टेज तीन वाटांनी फोडायचा: पूर्ण व्हीसीएला, निम्मा तिखटपणा कमीजास्त करणाऱ्या फिल्टरला, आणि अगदी जाणवेल न जाणवेल एवढा ऑसिलेटरच्या उंचीला. शेवटची वाट इतकी क्षीण असावी की काढून घेतल्यावरच तिची उणीव कळावी. तासभर हे जुळवत बसावं लागतं, आणि तो तास मला फार प्रिय आहे. कॅसिओने रिकामा केलेला हात इथे पुन्हा कामाला लागतो.

एकच वैगुण्य मनाला लागतं. मॉड्यूलरमधला पॅच साठवता येत नाही. तारा काढल्या की तो गेला. फोटो काढून ठेवा, बटणांचे कोन वहीत लिहा, दुसऱ्या दिवशी तोच आवाज येईलच असं नाही. लहानपणीची भजनंही कुणी ध्वनिमुद्रित केली नाहीत. पण तेव्हा पुढच्या एकादशीला तेच बुवा आणि तेच झिलकरी पुन्हा जमायचे, एकाला विसरलेलं दुसऱ्याला आठवायचं. आता कानाला हेडफोन लावून मी एकटा बसतो. आवाज माझ्या मनासारखा होतो, पण त्याला अडवणारं, त्याच्यावर चढणारं, त्याला सांभाळून घेणारं कुणी नसतं. हे नुकसान मोठं आहे आणि कुठल्याही मॉड्यूलने ते भरून निघत नाही.

श्रीपुराशी या सगळ्याचा सांधा जुळला तो पालखीमुळे. आषाढीच्या वाटेवर तुकाराम महाराजांची पालखी अकलूजहून निघते, माळीनगरला उभं रिंगण होतं, मग श्रीपूरच्या कारखाना चौकातून ती बोरगावच्या मुक्कामाला जाते. लहानपणी आम्ही चौकात थांबायचो. दिंडी दिसण्याआधी ऐकू यायची, आणि आधी यायचा पखवाजाचा खर्ज. टाळांची किणकिण जवळ आल्यावरच. हवा उंच स्वर लवकर शोषते, खर्ज लांबवर जातो, हे कारण पुढे पुस्तकात वाचलं. मागे एकदा तिथेच एका कडेला रेकॉर्डर ठेवून मी ते मुद्रण केलं आणि एन्व्हलप फॉलोअरमध्ये घातलं. हे मॉड्यूल येणाऱ्या आवाजाच्या चढउताराचा व्होल्टेज करून देतं. तो व्होल्टेज व्हीसीएला आणि फिल्टरला, दोघांना दिला. माझा तंबोऱ्यासारखा अखंड सूर दिंडीच्या चालीने उघडत गेला, आधी खर्ज, मग तिखटपणा, आणि दिंडी पुढे गेली तसा त्याच क्रमाच्या उलट मिटला. मुद्रणाशिवाय हेच करायचं तर मेक नॉइज कंपनीचं मॅथ्स नावाचं मॉड्यूल कामी येतं; त्याचा एक फेरा २५ मिनिटांपर्यंत लांबवता येतो. चौकात दिंडी यायला लागतो तेवढा अटॅक बहुतेक एन्व्हलपांच्या ताकदीबाहेरचा असतो. फॉलोअरचा व्होल्टेज उलटा करूनही पाहिला: दिंडी जवळ आली की माझा सूर आपोआप खाली बसतो, गेली की वर येतो. मला ही उलटी जोडणी जास्त आवडली. आपला सूर मोठ्या सुराला वाट देतो, हे आमच्या भजनात कुणी शिकवलेलं नसतं, सगळे करतात.

माझा भाचा श्रीपुरातच असतो. त्याच्याकडे मॉड्यूलर विकत घ्यायचे पैसे नाहीत आणि त्याला त्याची गरजही नाही. २०१७ पासून व्हीसीव्ही रॅक नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लॅपटॉपच्या पडद्यावर मॉड्यूल मांडायची, माउसने तारा ओढायच्या. युरोरॅक म्हणून जो मॉड्यूलचा प्रकार १९९० च्या दशकात जर्मनीच्या डिटर डेप्फर यांनी रूढ केला, त्याचीच ही पडद्यावरची आवृत्ती. १९६९ ला ज्यासाठी अहमदाबादची संस्था आणि न्यूयॉर्कहून आलेला संगीतकार लागला, ते आता कॉलनीतल्या खोलीत होतं. ही गोष्ट ‘तेव्हा’पेक्षा निःसंशय चांगली आहे. पहिल्याच दिवशी त्याचा फोन आला, “मामा, ह्यो आवाज बंदच होईना की.” मी विचारलं, “व्हीसीए घातलास का मधे?” घातला नव्हता. घातल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा फोन, “आता हाय, पण टिक्‌ टिक्‌ वाजतंय दर सुराला.” अटॅक पूर्ण शून्यावर होता; लाट मधूनच तुटली की टिकटिक येते. दोन-तीन मिलिसेकंद दे, म्हटलं. हा दोष खऱ्या मॉड्यूलरमध्येही तसाच येतो आणि उपायही तोच. त्याचा पॅच मात्र फाइलमध्ये राहतो, तो मला पाठवतो, मी उघडून एक तार हलवतो आणि परत पाठवतो. एकटेपणावर एवढा उतारा तरी मिळाला.

हल्ली त्याने गावातल्या हलगीवाल्या पोरांना गाठलंय. हलगीजवळ माइक, माइक ऑडिओ इंटरफेसमधून लॅपटॉपमध्ये, तिथे फॉलोअर, आणि फॉलोअरच्या उलट्या केलेल्या व्होल्टेजने एक अखंड सूर प्रत्येक ठोक्याला दबतो आणि उसळून वर येतो. अडचण एवढीच की पोरं जोरात आली की फॉलोअर वरच्या टोकाला जाऊन चिकटतो आणि सूर दबलेलाच राहतो. मी त्याला फॉलोअरच्या आधी पातळी खाली आणायला सांगितलं. त्याचं म्हणणं, पोरांनीच हळू आणि जोरात असं दोन्ही वाजवावं, मग आपोआप चालेल. गणपतीला अजून वेळ आहे, आणि ती पोरं रोज संध्याकाळी त्याच्या खोलीबाहेर हलगी शेकायला बसतात.